चार वेळा ओतलेला चहा

आमच्या यजमानांच्या जिभेला तंजावुरात जो मान होता तो कॉफीमुळं. आमच्या मराठी घरांत लग्न ठरलं की मुलीचा बाप मंडप ठरवायच्या आधी पश्चिम वीथीत आमच्याकडं यायचा, कॉफीच्या पुडीचे तीन-चार नमुने घेऊन. मी एकेकाची कॉफी करायची आणि बाळकृष्णराव, म्हणजे आमचे यजमान, भिंतीला टेकून निकाल द्यायचे. "ह्यांत चिकरीच्या मुळांची भेसळ फार." "हें नको." "हें घ्या." एवढं ऐकायला लोक पापनाशमहून बसनं यायचे. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत त्यांनी फायली लिहिल्या, त्याबद्दल विचारायला कधी कुत्रंही आलं नाही.

त्र्याण्णव साली त्यांना मोठा ताप आला. पंधरा दिवसांनी उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. कळलं कसं, तर मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि चुलीवर दूध उतू जाऊन करपलं. धूर वीथीत पोचला. समोरच्या घरातली माणसं धावत आली. हे मात्र स्वयंपाकघराच्या दारातच बसून पेपर वाचत होते. मी पातेलं उतरवलं आणि त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "काय झालें?" मग पातेल्याकडं बघून पेपर खाली ठेवला. मी कॉफी करून दिली. प्यायले, आणि म्हणाले, "राजम, गरम पाणी दिलीस काय मला?"

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, राग यावा असा माणूस आहे हा, रोज येतो, पण त्या दिवशी त्यांचं तोंड बघवेना. पुढच्याच आठवड्यात एका लग्नाचे नमुने येणार होते.

तेव्हा मीच युक्ती काढली. कॉफी निववायला आम्ही उंच टंबलरातून पसरट वाटीसारख्या दबऱ्यात आणि दबऱ्यातून टंबलरात अशी वरून ओततो, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. मी म्हटलं, मी एकदाच ओतली तर उत्तम समजा. दोनदा ओतली तर चिकरी जास्त. तीनदा ओतली तर गटारात टाका म्हणावं. वास तर मला चुलीपाशीच लागतो, चव बघायचीही गरज नसते. त्यांनी फक्त माझ्या हाताकडं बघायचं आणि आकडा मोजायचा.

तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. कोणाला संशय यायचं कारणच नव्हतं. आमच्यात भांड्याला ओठ लावत नाहीत, उष्टं होतं. टंबलर वर धरून धार तोंडात सोडायची, गिळायची, डोळे मिटायचे. एवढ्या वरून पिणाऱ्या माणसाला चव लागली की नाही हे बघणाऱ्याला काय कळणार? उलट लोक म्हणायचे, बाळकृष्णरावांचा निकाल आताशा आधीपेक्षा अचूक झालाय. ते मला ऐकू यायचं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत असायची.

मला लोकांनी हार घालावा असं कधी वाटलं नाही. मला एवढंच वाटायचं, की दार लावून घेतल्यावर, आम्ही दोघंच असताना, एकदा तरी त्यांनी म्हणावं, राजम, जीभ तुझी. ते म्हणायचे, "आज निकाल ठीक दिलों, नाही?"

शहाण्णव साली मुरली आला. मुरली म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. त्या वर्षांत ज्याला त्याला कसली तरी एजन्सी हवी होती. मुरलीनं आधी वॉटर फिल्टरची घेतली, मग केबलची, आणि आता मुंबईच्या एका कंपनीची चहाची. साधासुधा चहा नाही, सुट्ट्या पानांचा. डब्यात उघडी पानं, लांब, वळलेली, आणि किंमत अशी की ऐकून मी पुन्हा विचारलं.

"मामा, कंपनीला तंजावूरचें जुनें मराठी घर हवें," मुरली म्हणाला. "दरबारचा चहा म्हणून विकणार आहेत. तुमची जीभ सगळ्यांस ठाऊक. पाच चहा ठेवतील, तुम्ही एक निवडायचा. तोच पुड्यावर. तुमचा फोटोही."

आमच्या मराठी राजांच्या दरबारात चहा पीत होते असं मी माहेरी ऐकलं नाही, सासरी ऐकलं नाही. आमच्या घरात तर चहा म्हणजे दाढ दुखली तर गुळण्या करायची गोष्ट. पण मुंबईचा साहेब घरी आला आणि त्यानं विचारलं, "काका, तुमच्या घराण्यात चहाची परंपरा किती जुनी?" तेव्हा आमचे यजमान थोडा वेळ छताकडं बघून म्हणाले, "पांच पिढ्यांची." साहेबानं लिहून घेतलं. पोरगा तिशीचा, गळ्यात टाय, तंजावूरच्या उकाड्यात. आम्ही मराठी बोललो की तो गालातल्या गालात हसायचा. तो बोलला की आम्हाला कोणी बातम्या सांगतंय असं वाटायचं.

"काय ऑथेंटिक बोलता हो तुम्ही!" तो मला म्हणाला. मी त्याला कॉफी दिली. त्यानं टंबलरला ओठ लावून प्यायली, आणि तो गेल्यावर मी ते टंबलर चिंचेनं दोनदा घासलं.

मुरलीनं सरावासाठी नमुन्यांचे डबे आणून दिले, सोबत एक छापील कागद. पानं तोलून घ्यायची, चिमटीनं नाही. पाणी नुकतं उकळलेलं हवं, पुन्हा पुन्हा उकळलेलं नको. झाकून पाच मिनिटं, घड्याळ लावून. दूध नाही, साखर नाही. मी नाक मुरडूनच सुरुवात केली. पण चौथ्या दिवशी एका डब्यावर पाणी ओतलं आणि झाकण काढलं, तर सुकलेल्या दवण्याचा वास आला, आणि त्याच्या मागं नारिंगाच्या सालीचा. कुन्नूरच्या डोंगरातला, थंडीतल्या खुडणीचा चहा होता तो, डब्यावर लिहिलं होतं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अर्धा टंबलर प्यायले. पासष्ट कॉफ्यांचे वास मला वेगळे काढता येतील, पण एखाद्या वासानं थांबून उभं राहावं असं पहिल्यांदाच झालं.

मग मी रोज सगळे करून बघू लागले. आसामच्याला भाजलेल्या धान्याचा वास, दार्जिलिंगचा फिका पण नाकात रेंगाळणारा, हिरव्याला उकडलेल्या भाजीचा. शिळा कुठला, ताजा कुठला, डब्यात ओल कुठं शिरली, हे आठ दिवसांत मला झाकण उघडताच कळायला लागलं. जे कळायचं ते मी यजमानांना सांगायची. ते वहीत लिहून घ्यायचे. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली की वहीतलं तोंडपाठ म्हणायचे. "दार्जिलिंग हा फिका, पण नाकांत राहतो." माणसं माना डोलवायची. हनुमंतराव नावाचे आमचे शेजारी, जन्मात चहा प्याले नाहीत, ते म्हणाले, "नाकांत राहतो. वा! बरोबर."

असं रोज हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की माणूस उतरत नाही. एके दिवशी हे मला म्हणाले, "राजम, मला वास थोडा थोडा येऊं लागला असें वाटतें."

माझा जीव केवढा हरखला! मी संध्याकाळी मारुतीला तुपाचा दिवा लावून आले. आल्यावर काय वाटलं कोणास ठाऊक, हे पेपर वाचत होते, मी हळूच मागून गेले आणि हिंगाचा डबा उघडून पेपरच्या कडेशी धरला. आमच्याकडचा हिंग म्हणजे शेजारच्या घरात शिंक येईल असा. ह्यांनी पान उलटलं, पुढची बातमी वाचली, चष्मा सारखा केला. मी डबा बंद केला. वास आला नव्हता. वाहवा नाकापर्यंत चढली होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "उद्या तसेंच करूं. एकदा ओतलें तर उत्तम, तीनदा तर टाकाऊ. माझ्या हाताकडे पाहा."

"तें लागणार नाही," ते म्हणाले.

"अहो, पण पाहायला काय जातें?"

"तूं ओत. लोकांस बरें दिसतें." आणि आरशासमोर जाऊन त्यांनी पागोटं चढवलं. ते कंपनीनं पंधरा दिवसांपूर्वी फोटो काढताना नाटकमंडळीच्या भाड्याच्या दुकानातून आणलं होतं, कुठल्याशा बारक्या डोक्याच्या राजाचं. त्यांच्या कपाळावर लाल वळ उठला होता.

रविवारी सकाळी, लग्नं होतात त्या कल्याण मंडपात आमची सगळी माणसं जमली. व्यासपीठावर मोठा कापडी फलक होता: तंजावूरच्या मराठी रसिकांचे स्वागत असो. देवनागरीत. मंडपाच्या माणसांनी तो उलटा बांधला होता. शंभर-सव्वाशे मराठी रसिक त्याखाली तास दीड तास बसले, एकालाही काही वावगं वाटलं नाही. आमच्यात देवनागरी वाचतो कोण? मी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला वाचता येतं. मला दिसलं. मी सांगितलं नाही. साहेब आला, त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा पडला, तेवढं मला पुरलं.

पाच चहा तयार करायला कंपनीनं कुन्नूरहून आपला माणूस आणला होता. सूर्यनारायण त्यांचं नाव, साठीचे, चौतीस वर्षं चहा चाखण्याचंच काम केलेले. बारीक आवाजात तमिळ बोलायचे. त्यांनी पांढरी झाकणाची भांडी ओळीनं मांडली, पानं तोलून घातली, घड्याळ लावलं, आणि लोकांना चहा कसा चाखतात ते दाखवलं. चमच्यानं घ्यायचा, मोठ्यानं सुर्रकन ओढायचा म्हणजे वाऱ्याबरोबर सगळ्या तोंडात पसरतो, आणि मग थुंकायचा. त्यांनी ओढला, आणि शेजारच्या उंच पितळी भांड्यात थुंकले. मग तोच चमचा दुसऱ्या भांड्यात घातला.

मंडपात अशी शांतता पसरली, जणू त्यांनी धोतर सोडलं. पुढच्या रांगेतल्या वसुमतीबाईंनी पदर नाकाला लावला. मागून कोणीतरी म्हणालं, "उष्टें करतोय सगळें!"

आमचे यजमान उठून उभे राहिले. "आमच्यांत थुंकत नाहीत," ते म्हणाले. "आम्ही वरून पितों, आणि गिळतों." टाळ्या पडल्या. सूर्यनारायणांनी मान हलवली आणि चमचा बाजूला ठेवला.

मग मला वर बोलावलं. साहेबानं माईकवरून सांगितलं की काकू खास तंजावूर पद्धतीनं चहा ओततील. सूर्यनारायण हळूच म्हणाले, "अम्मा, असा ओतला तर निवतो, वास उडतो." मी म्हटलं, "ठाऊक आहे. थोडाच ओतीन."

पहिला आसाम. बरा होता, जरा जुना. मी दोनदा ओतला. दुसऱ्याचं झाकण उघडलं आणि दवणा आला. तोच कुन्नूरचा. मी एकदाच ओतला, सावकाश, हात वर नेऊन, मागच्या रांगेलाही दिसावं असा, आणि यजमानांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. फोटोग्राफरकडं बघत होते.

तिसरा दार्जिलिंग, दोनदा. चौथ्याचं झाकण काढलं आणि मला मागं सरावंसं वाटलं. पोत्याचा वास, पावसाळाभर बंद ठेवलेल्या ट्रंकेचा वास, आणि तो झाकायला वरून कसलं तरी अत्तर. मी तीनदा ओतला. त्यांनी बघितलं नाही. त्यांचं हसं व्हावं असं मला कधीच वाटलं नव्हतं, त्या क्षणी तर नाहीच. मी चौथ्यांदा ओतला. चार असा काही इशारा आमच्यात नव्हता. तो नुसता माझा ओरडा होता. चहा दबऱ्याबाहेर सांडून माझ्या हातावर आला. त्यांनी टंबलर घेतलं, पागोटं सांभाळत मान मागं टाकली, धार तोंडात सोडली, गिळली आणि डोळे मिटले.

पाचवा मी ओतेपर्यंत ते थांबलेच नाहीत, नुसता जिभेला लावल्यासारखं केलं. मग माईक हातात घेतला.

"चौथा," ते म्हणाले. "ह्यांत दरबार आहे."

मंडप टाळ्यांनी दणाणला. हनुमंतराव उभे राहून म्हणाले, "दरबार आहे! बरोबर!" साहेबानं धावत येऊन ह्यांचे हात हातात घेतले. एवढा खरा आनंद मी त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच बघितला. पुढं मुरलीकडून कळलं, चौथ्या नंबरचा माल कंपनीच्या गोदामात दोन वर्षं पडून होता. टाळ्या थांबायच्या आत पडद्यामागून खोकी आली. त्यांत पुडे होते, छापलेले, चिकटवलेले, भरलेले, प्रत्येकावर पागोट्यातले बाळकृष्णराव. निकाल लागायच्या आधीच निकाल शिवकाशीच्या छापखान्यातून छापून आला होता; नंबर कुठलाही सांगितला असता तरी आत तोच माल. मंडपात एकालाही त्याचं नवल वाटलं नाही. उलट कंपनीची तयारी बघा, असं म्हणाले.

सगळ्यांना चौथा चहा दिला, दूध-साखर घालून. सगळ्यांनी वा म्हटलं, आणि मुरलीला बाजूला घेऊन कॉफी आहे का विचारलं.

सूर्यनारायण आपली पांढरी भांडी पुसत होते. त्यांनी टाळी वाजवली नव्हती. ते माझ्या भाजलेल्या हाताकडं बघत होते.

पुढचा महिना आमच्या घरात जत्रा होती. पश्चिम वीथीतल्या प्रत्येक मराठी घरात तो पुडा गेला. उघडला कोणीच नाही. नवरात्रात तो कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्यांच्या शेजारी बसला, काही घरांत त्याला हळदकुंकू लागलं. आपल्या माणसाचा फोटो म्हटल्यावर त्यात चहा आहे की भुसा आहे हे कोण बघतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. यजमान वीथीतून चालताना आता पाय जरा लांब टाकत. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही, असं मला वाटायचं.

नवरात्र संपल्यावर कुन्नूरहून रजिस्टर पार्सल आलं. हे दारात सही करायला गेले. पोस्टमन म्हणाला, "तुमचें नाही, अम्मांचें." माझ्या नावानं पार्सल यायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. आत दोन छोटे डबे होते आणि तमिळमध्ये लिहिलेली चिठ्ठी. चष्मा माझ्या हाताशी नव्हता, म्हणून यजमानांनीच मोठ्यानं वाचायला घेतली.

"अम्मांस नमस्कार. आपण दुसरा चहा एकदा ओतला, पहिला आणि तिसरा दोनदा, आणि चौथा चार वेळा. माझाही निकाल तोच होता, पण मला कोणी विचारलं नाही. हे दोन डबे एकाच मळ्यातले आहेत. माझ्या मते एक दुसऱ्यापेक्षा वर्षानं जुना आहे, पण माझं नाक आता म्हातारं झालं. आपण चाखून कळवाल का?"

चार वेळा, हे त्यांनी दोनदा वाचलं. उरलेलं त्यांनी हळू वाचलं, चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग भिंतीला टेकून बसले, नमुने येतात तेव्हा बसतात तसे. कोणी आलेलं नव्हतं.

मी पाणी ठेवलं. पानं तोलली, घड्याळ लावलं, दोन्ही चहा केले, आणि पहिला घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. आता बघितलं! मी ओतायला लागले. एकदा. दोनदा. तीनदा. त्यांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. चार. पाच. सहा. सातव्याला त्यांनी मोजणं सोडलं. मी टंबलर त्यांच्या हातात दिलं.

"सांगा," मी म्हटलं. "कसा आहे?"

त्यांनी टंबलर वर धरलं, धार सोडली, गिळली. डोळे मिटले नाहीत. टंबलर खाली ठेवलं.

"कोमट आहे," ते म्हणाले.

तीन वर्षांत त्यांनी स्वतःच्या जिभेनं दिलेला तो एकच निकाल, आणि तो बरोबर होता. मी सात वेळा ओतला होता ना. मला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम.

मी आत गेले, चमचा आणला, त्यांच्यासमोर खाली बसले, आणि दोन्ही चहा सूर्यनारायणांसारखे चाखले. चमच्याला ओठ लावून, सुर्रकन, वीथीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तोच चमचा दुसऱ्यात. ह्यांनी दाराकडं बघितलं, कोणी ऐकलं की काय म्हणून, पण मला अडवलं नाही.

"दुसरा जुना," मी म्हटलं. "वर्षाचा नाही, दोन वर्षांचा. एकदा ओलही लागली आहे."

ते उठले, कपाटातून एक पोस्टकार्ड आणि आपलं कचेरीतलं पेन काढून घेऊन आले. छत्तीस वर्षं त्या पेनाला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता. टोपण काढून त्यांनी ते माझ्यापुढं धरलं.

"लिही," ते म्हणाले. "तुला कळलें तें लिही, खालीं तुझें नांव घाल. आणि जागा उरली तर लिही, बाळकृष्णरावास कोमट लागला."